आधीं हात, मग औषध

शिरूरच्या किंवा दौंडच्या बाजारांत औषधांच्या एखाद्या दुकानाजवळ घटकाभर उभें राहिलें, तर एक प्रकार बहुधा दृष्टीस पडतो. कोणी गृहस्थ येतात, मागें केव्हां तरी लिहून मिळालेली जुनी चिठ्ठी किंवा गोळ्यांचें नुसतें रिकामें पाकीट पुढें करतात, आणि "यांतल्या चार द्या" म्हणून सांगतात. चारच कां, सहा अगर दहा कां नाहींत, याचा विचार देणाराहि करीत नाहीं व घेणाराहि करीत नाहीं. त्या पाकिटावर एक तांबडी उभी रेघ असते. ती शोभेसाठीं काढलेली नव्हे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून हें औषध घेऊं नये, अशी ती खूण आहे. आणि तिचा अर्थ लोकांस कळावा म्हणून भारत सरकारनें २०१६ सालीं मोठी मोहीम काढली होती. परंतु आज आम्हांस दुकानाविषयीं थोडें व रुग्णालयाविषयीं अधिक बोलावयाचें आहे. दुकानांतील या निष्काळजीपणाचीं फळें बहुतकरून रुग्णालयांतल्या खाटेवर भोगावीं लागतात, आणि तीं ज्याचीं त्यालाच भोगावीं लागतात असेंहि नाहीं.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, औषध वारंवार घेतल्यानें त्याची संवय आपल्या शरीरास होते व मग तें लागू पडत नाहीं. ही समजूत चुकीची आहे. निर्ढावतो तो मनुष्य नव्हे, जंतु निर्ढावतो. जंतूंची वीण अतिशय जलद. अनुकूल स्थिति मिळाली तर कांहीं जाति वीस मिनिटांत दुप्पट होतात. इतक्या मोठ्या संततींत एखाददुसरा जंतु असा निघतो कीं, प्रतिजैविक औषधानें (बाजारांत ज्यास अँटिबायॉटिक म्हणतात) त्याचें कांहींच बिघडत नाहीं. औषधानें त्याचे भाऊबंद मेले म्हणजे त्यास सारें रान मोकळें सांपडतें. शिवाय हा गुण तो आपल्यापाशींच ठेवतो असें नाहीं; शेजारच्या, कित्येकदां निराळ्या जातीच्याहि जंतूस तो देऊन टाकतो. म्हणून ज्यानें वर्षानुवर्षें एकहि गोळी घेतलेली नाहीं, अशा मनुष्यासहि दुसऱ्याकडून आलेला निर्ढावलेला जंतु गांठूं शकतो. मनास येईल तसें औषध घेणारा एक आणि भोगणारा दुसरा, असा हा व्यवहार आहे.

पेनिसिलिनचा शोध १९२८ सालीं अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं लाविला. १९४५ च्या डिसेंबरांत नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगीं त्यांनीं जें व्याख्यान दिलें, त्यांत एक काल्पनिक गोष्ट सांगितली आहे. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्याच मनानें पेनिसिलिन विकत आणतो व थोडेंसें घेतो. जंतु मरत नाहींत, उलट निर्ढावतात. मग तेच जंतु त्याच्या पत्नीस लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आणि औषध लागू न पडल्यामुळें ती बिचारी मरण पावते. गृहस्थ मात्र बरा झालेला असतो! फ्लेमिंग यांनीं ही गोष्ट मोठ्या विचारानें रचली असली पाहिजे. तींत उदाहरणादाखल जो घशाचा जंतु त्यांनीं घेतला, तो अजूनपर्यंत पेनिसिलिनपुढें निर्ढावलेला नाहीं, ही आपली सर्वांची सुदैवाची गोष्ट. पण दुसरे किती तरी निर्ढावले. किंबहुना पेनिसिलिन सर्वसामान्य रोग्यांच्या हातीं येण्यापूर्वींच, १९४० सालीं, त्याचा नाश करणारें एक द्रव्य कांहीं जंतूंत असतें, असें अब्राहम व चेन या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें होतें.

हीं औषधें नव्हतीं तेव्हांचे दिवस आपल्या पुणें जिल्ह्यानें पाहिलेले आहेत. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगनें कहर केला. रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांना त्याची लागण झाली व १० मार्च रोजीं त्या वारल्या. दुष्काळांतून आणलेल्या मुलींची वस्ती पंडिता रमाबाईंनीं दौंड तालुक्यांतील केडगांवीं केली, त्यालाहि पुणें शहरांतील प्लेगचे निर्बंध कारण झाले होते. त्या काळीं प्लेग झाला म्हणजे दैवावर हवाला ठेवण्यावांचून फारसें कांहीं हातीं नसे. आज रोगी वेळेवर दवाखान्यांत पोंचला, तर स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधानें तो बहुधा वांचतो. पुढें स्वातंत्र्य मिळाल्यावर पेनिसिलिन तयार करणारा सरकारी कारखाना निघाला, तोहि आपल्याच जिल्ह्यांत. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना १९५४ सालीं झाली. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीचें व जागतिक आरोग्य संघटनेचें तीस साह्य होतें. आणि १९५५ पासून तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. ज्या औषधासाठीं परदेशाच्या बोटींची वाट पाहावी लागत होती, तें पुण्याच्या वेशीवर होऊं लागलें. असें हें मोलाचें साधन आपण आज सर्दीपडशावर उधळीत आहों. सर्दीपडशाचे विषाणु हे निराळ्याच कुळींतले असल्यामुळें प्रतिजैविकांचा त्यांवर कांहींहि उपयोग होत नाहीं.

आतां रुग्णालयाकडे वळूं. निर्ढावलेल्या जंतूंस याहून सोयीची जागा दुसरी नाहीं. येथें अशक्त माणसें एकत्र आलेलीं असतात. कोणाची जखम उघडी, कोणाच्या शिरेंत सलाईनची सुई, कोणास लघवीची नळी. म्हणजे शरीराच्या तटबंदीस जागोजाग खिंडारें पडलेलीं. औषधांचा मारा तर चालूच असतो, त्यामुळें साधे जंतु मरतात व हट्टी तेवढे उरतात. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जावयास मात्र या जंतूंना पाय नाहींत. त्यांस कोणी तरी न्यावें लागतें, आणि नेणारा बहुधा मनुष्याचा हात असतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, श्रीमंत देशांत रुग्णालयांत उपचार घेणाऱ्या दर १०० रोग्यांपैकीं ७ जणांस आणि आपल्यासारख्या देशांत १५ जणांस रुग्णालयांतच निदान एक नवा संसर्ग होतो. हातांची स्वच्छता व तशाच साध्या उपायांनीं यांपैकीं शेंकडा ७० पर्यंत संसर्ग टाळतां येण्यासारखे आहेत, असेंहि तो अहवाल सांगतो. बरें होण्यासाठीं आलेल्या शंभरांतील पंधरा जणांनीं नवा रोग घेऊन घरीं जावें किंवा घरीं जाऊंच नये, ही गोष्ट शांतपणें वाचून पान उलटण्यासारखी नाहीं.

हे जंतु किती लांबचा प्रवास करतात, याचें एक उदाहरण आपल्या देशाशींच निगडित आहे. २००८ सालीं स्वीडनमध्यें एका रोग्याच्या लघवींत असा जंतु आढळला कीं, शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलीं औषधेंहि त्यापुढें निष्प्रभ ठरलीं. हा रोगी त्यापूर्वीं नवी दिल्लीच्या एका रुग्णालयांत होता; म्हणून त्या जंतूंतील औषध नासविणाऱ्या द्रव्यास दिल्लीचें नांव देण्यांत आलें. नांवावरून आपल्याकडे पुष्कळ राग व्यक्त झाला. राग समजण्यासारखा होता, परंतु नांव बदलल्यानें जंतु बदलत नाहीं. २०१६ सालीं दिल्लींतील तीन रुग्णालयांत जन्मलेल्या अर्भकांविषयींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो आम्हांस अधिक अस्वस्थ करतो. रक्तांत जंतुदोष झालेल्या अर्भकांपैकीं पुष्कळांस तो जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांतच झाला होता, आणि ॲसिनेटोबॅक्टर नांवाचे जे जंतु त्यांत सांपडले, त्यांपैकीं शेंकडा ८० हून अधिक अनेक औषधांस दाद न देणारे होते. ज्या बाळानें अजून घरहि पाहिलें नाहीं, त्यानें कोणतें औषध मनमानेल तसें घेतलें होतें? जगाचा हिशेब पाहिला तर २०१९ या एका वर्षांत सुमारें १२ लाख ७० हजार मृत्यु निर्ढावलेल्या जंतूंमुळें थेट घडले, असा अंदाज आहे.

या संकटावर नवें औषध निघेल व आपण सुटूं, अशी आशा पुष्कळजण धरून आहेत. नवीं औषधें निघावींत, यांत वाद नाहीं. पण प्रत्येक नव्या औषधाचा मागचाच अनुभव आहे; तें निघतें आणि कांहीं वर्षांत त्यासहि न जुमानणारे जंतु निघतात. आमच्या मतें पैसा, लक्ष व मान हीं तिन्ही आधीं हात धुण्याच्या जागेकडे वळलीं पाहिजेत. हें वाक्य फार क्षुल्लक वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. क्षुल्लक वाटतें म्हणूनच तर तें मागें पडलें आहे.

व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयांत इग्नाझ सेमेलवाइस नांवाचे एक तरुण डॉक्टर होते. तेथें बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यांत डॉक्टर व वैद्यकीचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यांत सुइणी. १८४६ सालीं पहिल्या विभागांत दर शंभर बाळंतिणींपैकीं अकराहून अधिक मरण पावल्या. दुसऱ्यांत तीनहून कमी. शहरांतल्या बायकांस हें ठाऊक होतें. पहिल्या विभागांत घालूं नका म्हणून त्या गयावया करीत. शिकलेल्यांच्या हातून अधिक मरण व सुइणींच्या हातून कमी, याचा उलगडा कोणासहि होईना. १८४७ सालीं सेमेलवाइस यांच्या एका सहकाऱ्यास शवविच्छेदनाच्या वेळीं सुरीची जखम झाली आणि बाळंतरोगासारखींच लक्षणें होऊन तो वारला. तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, डॉक्टर व विद्यार्थी शवागारांतून थेट बाळंतिणीकडे येतात आणि मरण आपल्याच हातांवर घेऊन येतात. त्यांनीं त्या वर्षाच्या मे महिन्यापासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला. १८४८ सालीं पहिल्या विभागांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा सव्वावर आलें.

इतकें झाल्यावर त्यांस लोकांनीं डोक्यावर घेतलें असेल, असें आमच्या विद्यार्थिमित्रांस वाटेल. तसें झालें नाहीं. अनेक वजनदार डॉक्टरांनीं त्यांचें म्हणणें मानलें नाहीं. सभ्य गृहस्थाचे हात अपवित्र असूं शकतात, हें ऐकून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. सेमेलवाइस १८६५ सालीं वेड्यांच्या रुग्णालयांत वारले. त्या वेळीं जंतुशास्त्र बाल्यावस्थेंत होतें, एवढी सबब तरी त्या काळच्या लोकांना होती. आज आपणांपाशीं ती नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या मार्गदर्शिकेंत हात स्वच्छ करण्याचे पांच प्रसंग सांगितले आहेत: रोग्यास हात लावण्यापूर्वीं, सुई, नळी किंवा मलमपट्टी यांसारखें काम करण्यापूर्वीं, रक्तादि स्राव लागण्याचा संभव आल्यानंतर, रोग्यास हात लावल्यावर, आणि त्याच्या खाटेस किंवा वस्तूंस हात लागल्यावर. साबणपाण्यानें धुणें झाल्यास चाळीस ते साठ सेकंद, सॅनिटायझरनें चोळणें झाल्यास वीस ते तीस. रबरी हातमोजे घातले म्हणजे हें सारें माफ झालें असें नव्हे. एकच हातमोजे चढवून चार खाटा फिरणें म्हणजे उघडा हात फिरविल्यासारखेंच आहे.

आपल्या दोन्ही तालुक्यांत दवाखान्याच्या पायऱ्या कोण चढतो? उसाच्या तोडणींत कोयता लागलेला मजूर, रांजणगांव किंवा कुरकुंभ येथील कारखान्यांत हात भाजलेला कामगार, रस्त्यावरच्या अपघातांत सांपडलेला प्रवासी, पहिलटकरीण. शिरूरचें ग्रामीण रुग्णालय, दौंडचें उपजिल्हा रुग्णालय, गांवोगांवचीं प्राथमिक आरोग्य केंद्रें आणि लहानमोठे खासगी दवाखाने यांवर हा सारा भार पडतो. आणि रोगी एकटा कधींच येत नाहीं. भाऊबंद येतात, शेजारी येतात, लेकरें कडेवर घेऊन मावश्या व आत्या येतात. सर्वजण रोग्याच्या खाटेवरच बसतात, त्याच्या कपाळावरून हात फिरवितात, डबा उघडतात, त्याच हातांनीं शेजारच्या खाटेवरील ओळखीच्या माणसाचीहि विचारपूस करतात. ही आपली माणुसकी आहे; तिची थट्टा करण्याचें आमच्या मनांत नाहीं. आजाऱ्यास पाहावयास न जाणारा मनुष्य गांवांत नांवें ठेवून घेतो, हेंहि आम्ही जाणतों. तरीहि आमचें स्पष्ट म्हणणें असें कीं, एका वेळीं एकानें जावें, खाटेवर बसूं नये, जातांना व येतांना हात धुवावे, आणि लहान मुलांना तर मुळींच नेऊं नये. दहा माणसें मिळून एकाचीच पाळी लावतील, तर रोग्याजवळ माणूस सतत राहील आणि प्रेमांतहि उणें पडणार नाहीं.

याहून कठीण गोष्ट निराळीच आहे. डॉक्टर किंवा सिस्टर हात न धुतां पुढें आल्या, तर त्यांस "आपण हात धुतले कां?" असें विचारावें कोणी? शेतकरी बाप विचारणार नाहीं. साहेबांस राग आला तर आपल्या मुलाकडे दुर्लक्ष होईल, अशी भीति त्याच्या मनांत असते. बाळंतीण तर मुळींच विचारणार नाहीं. हा संकोच एका दिवसांत जाणार नाहीं, आणि तो घालविण्याचें ओझें रोग्यावर टाकणेंहि आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. रुग्णालयानेंच पुढाकार घ्यावा. प्रत्येक खोलींत ठळक अक्षरांत लिहावें कीं, "आम्हांस हात धुण्याविषयीं विचारा, आम्हांस राग येणार नाहीं." वरिष्ठ डॉक्टरांनीं रोग्यांच्या देखत आधीं स्वतः हात धुवावे. सेमेलवाइस यांच्या वेळीं जो अहंकार आड आला, तो मोडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, हात धुवावयास पाणी तर हवें! शिरूर तालुक्याच्या कोरड्या भागांत ज्यांनीं उन्हाळे काढले आहेत, त्यांचा हा आक्षेप खोटा म्हणतां येत नाहीं. टँकरची वाट पाहणाऱ्या ठिकाणीं नळ सोडून एक मिनिट हात चोळा म्हणणें सोपें नाहीं. परंतु याला उत्तर आपल्याच शिवारांत उभें आहे. उसाच्या मळीपासून मद्यार्क निघतो, आणि हात निर्जंतुक करणारें द्रव्य मुख्यतः मद्यार्काचेंच असतें. २०२० सालीं कोरोनाच्या सांथींत महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांच्या आसवन्यांनीं हेंच सॅनिटायझर करून दिलें. संकट ओसरल्यावर तें विसरून कां जावें? भीमेच्या कांठचा ऊस जर हें काम करूं शकतो, तर तालुक्यांतील प्रत्येक खाटेपाशीं एक बाटली टांगलेली असणें अशक्य नाहीं. अर्थात् हात मळलेले किंवा रक्तानें भरलेले असतील तर साबणपाणीच हवें, आणि जुलाबाच्या कांहीं जंतूंचीं बीजें मद्यार्कासहि दाद देत नाहींत. म्हणून नळास पर्याय नाहींच.

डॉक्टरांची बाजूहि सांगितली पाहिजे. कोणत्या जंतूवर कोणतें औषध चालेल, हें ठरविण्यासाठीं रक्त, लघवी किंवा पू यांची परीक्षा करावी लागते व तिला दोनतीन दिवस लागतात. लहान ठिकाणीं ही सोय सहसा हाताशीं नसते. समोर तापानें फणफणलेला रोगी. सुई दिली नाहीं तर तो पलीकडच्या दवाखान्यांत जाणार, हें ठाऊक असतें. मग सर्वांवर चालेल असें जबर औषध दिलें जातें. येथें एकट्या डॉक्टरास दोष देणें सोपें, पण "सुई द्याच" म्हणून हटून बसणाऱ्या आपणांसारख्यांचाहि त्यांत वांटा आहे. तालुक्याच्या ठिकाणांहून रोज नमुने पुण्यास जाऊन त्यांचा निकाल दूरध्वनीनें परत यावा, एवढी व्यवस्था सरकारनें सर्वत्र नेमानें चालविली, तर अंदाजानें होणारे निम्मेशिम्मे उपचार तरी थांबतील, असें आम्हांस वाटतें. जातां जातां कोंबड्या पाळणाऱ्या आमच्या पालकांसहि एक गोष्ट सांगूं. कोलिस्टिन हें माणसासाठीं अखेरचा आधार म्हणून राखलेलें औषध कोंबड्यांस व इतर खाद्य जनावरांस देण्यास सरकारनें २०१९ सालीं बंदी केली, ती विनाकारण केलेली नाहीं.

राहतां राहिली रुग्णालयांतील सर्वांत खालची पायरी. जमीन पुसणारी, चादरी बदलणारी, भांडें उचलणारी बाई. तिला सगळे मावशी म्हणतात, आणि नांवानें फार थोडे ओळखतात. शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे हार डॉक्टरांच्या गळ्यांत पडतो. जखम चिघळली नाहीं, याचें श्रेय मात्र मावशीस कोणीं दिलेलें आम्हीं ऐकलें नाहीं. एकाच फडक्यानें संडास व खाटेचा कठडा पुसला जाऊं नये, ओली पट्टी पिवळ्या पिशवींत व सुई पांढऱ्या डब्यांतच जावी, हें तिच्या हातीं असतें. आणि तें तिला कोणी नीट शिकविलेलें असतेंच असें नाहीं. सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठीं २०१५ सालापासून कायाकल्प नांवाची बक्षीस योजना चालू आहे. तींतील बक्षिसाच्या रकमेचा पहिला वांटा या बायकांच्या शिक्षणावर, हातमोज्यांवर व पायांतल्या बुटांवर खर्च व्हावा, असें आमचें मत आहे. रंगरंगोटी मागाहून झाली तरी चालेल.

सरकारी रुग्णालयांस रुग्ण कल्याण समिति असते. आमच्या पालकांपैकीं ज्यांची तेथें ओळख अगर वजन असेल, त्यांनीं येत्या पावसाळ्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे. प्रसूतीच्या खोलींतील हात धुण्याचा नळ चालू आहे काय? आणि त्याजवळचा साबण संपला, तर तो मागविण्याचा अधिकार कोणास आहे? वरिष्ठांची सही मिळेपर्यंत चार दिवस नळ साबणावांचून राहणार असेल, तर तो अधिकार त्या खोलींत काम करणाऱ्या सिस्टरांस लेखी देऊन टाकावा.